जिवंतांचा रकाना

शुक्रवारी दुपारी स्मिल्काने गहू उकडायला ठेवला. एकोणचाळीस वर्षं ती हा गहू उकडत आली होती आणि एकोणचाळीस वर्षं तिचं त्याच्याशी भांडण होतं. एक तर तो कच्चा राहायचा, नाहीतर त्याची पेज व्हायची. यंदा बरा जमला. तिने तो वाटला, अक्रोड आणि साखर घालून वाडग्यात थापला, वरून पिठीसाखर पेरली. इतर लोक त्या साखरेवर क्रूस काढतात. स्मिल्काने बदामाचे काप ओळीने लावले आणि मधेमधे काळ्या मनुका खोवल्या. लांबून पाहिलं तर पियानोच्या पट्ट्या. फादर आर्सेनी दरवर्षी ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे.

गेलेल्या माणसाच्या नावाने असा गोड गहू चर्चमध्ये न्यायची रीत, आणि हा गहू रेल्या विदाकच्या नावाचा. आज पांचेवोत कुणालाही रेल्या विदाक कोण म्हणून विचारा, दहातले नऊ जण खांदे उडवतील आणि दहावा म्हणेल, तो फुटबॉलवाला ना? पण चौऱ्याऐंशी साली याच गावात, तामिश नदीच्या काठावरच्या युवक भवनात रेल्या गायला उभा राहिला की पोरं मागच्या खिडक्यांना लटकलेली असत. इस्त्रीच्या टेबलावर मांडलेले दोन सिंथेसायझर, ड्रम वाजवणारं एक यंत्र, आणि गळ्यात टाय म्हणून बांधलेली कॅसेटमधली तपकिरी पट्टी. आवाज यंत्रातून काढलेला, पण त्या यंत्राच्या आत खरोखरच कुणीतरी थंडीने कुडकुडतंय असं वाटायचं. स्मिल्का तेव्हा अठराची होती. तिला तसं वाटलं, आणि मग जन्मभर वाटतच राहिलं.

बोश्कोला मात्र तसलं काही वाटलं नाही. बोश्को मार्यानोव म्हणजे तेव्हा शेजारच्या आवारात राहणारा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. “अगं, माणूस वॉशिंग मशीनमध्ये अडकलाय, कुणीतरी सोडवा त्याला!” असं म्हणायचा. पण रेल्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला स्मिल्काच्या मागे हजर. पुढे त्याने पांचेवो ते बेलग्रेड बस चालवली, तेहतीस वर्षं. लग्न केलं नाही. साखरेचा आजार जडला तेव्हा गेल्या वर्षी घरी बसला. मधल्या काळात स्मिल्काचा नवरा सोडून गेला, मुलगा उरोश व्हिएन्नाला गेला, आणि बोश्को दर रविवारी तिच्याकडे जेवायला येत राहिला. का येतो ते दोघांनाही ठाऊक होतं. बोलायचं तेवढं राहून गेलं होतं.

आता स्मिल्काजवळच्या कॅसेटबद्दल. तेव्हा शनिवारी संध्याकाळी रेडिओवर एक कार्यक्रम लागायचा. त्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम चक्क आवाजाच्या रूपात सोडायचे. पाच पाच मिनिटं नुसती किंचाळी, आणि देशभरातली पोरं ती किंचाळी कॅसेटवर भरून घ्यायची. त्या शनिवारी किंचाळी संपल्यावर रेल्या स्वतः स्टुडिओत आला आणि त्याने नवं गाणं वाजवलं, ‘हिवाळी वेळापत्रक’. अर्धंच झालं होतं. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर तो थांबला आणि म्हणाला, “बाकीचं पुढच्या शनिवारी.” बुधवारी लिफ्ट बंद होती म्हणून सिंथेसायझर उचलून तो जिना चढत होता. सहाव्या मजल्यावर जायचं होतं, चौथ्यावर हृदय बंद पडलं. सत्तावीस वर्षांचा होता.

रेडिओवाल्यांनी ते गाणं जपून ठेवलं नाही. स्मिल्काने ठेवलं. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडून तिने ते भरलं होतं, त्यामुळे खोलीतले आवाजही त्यात आले. एक मिनिट पन्नास सेकंदांवर, ऐन नाजूक जागी, बोश्को खोकला. गाणं तुटल्यावर थोडी खरखर, आणि मग स्वयंपाकघरातून आईची हाक, “स्मिल्का, जेवायला!” त्या खोकल्याबद्दल आपण बोश्कोला अजून माफ केलेलं नाही, असं ती चारचौघांत सांगायची, आणि बोश्को मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

पहिल्या वर्षी रेल्याच्या कबरीपाशी दोनशे माणसं जमली. दहाव्या वर्षी तीस. मग कुणी कॅनडाला गेलं, कुणाला नातवंडं झाली, कुणाला आपण कधी रेल्याचे वेडे होतो हे आठवायचीच लाज वाटू लागली. स्मिल्काने हिशेब सोडून दिला होता. तिला एकच धास्ती होती. आपण गेलो की या माणसाचं नाव घेणारं जगात कुणी उरणार नाही.

शनिवार पितरांचा होता. हिवाळ्याआधीच्या त्या शनिवारी सगळं गाव दफनभूमीत लोटतं. त्यात कोशावा सुटला होता. हा वारा एकदा लागला की तीन दिवस नाहीतर सात दिवस, मधलं काही नाही. शेवंतीचे गुच्छ वाटेवर लोळत होते, बायका एका हाताने मेणबत्ती आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा रुमाल धरून चालल्या होत्या. चर्चच्या दारातल्या टेबलावर नावं लिहायचे कागद ठेवलेले. कागदाला दोन रकाने: एकात जिवंत माणसांची नावं, त्यांच्या आरोग्यासाठी, दुसऱ्यात गेलेल्यांची, त्यांच्या शांतीसाठी. घरच्यांसाठी स्मिल्का वेगळा कागद द्यायची. रेल्याच्या चाहत्या मंडळींचा कागद निराळा. पूर्वी त्याचा जिवंतांचा रकाना भरून पाठीमागे जायचा. यंदा दोनच नावं उरली होती. गेलेल्यांत रेल्या, जिवंतांत बोश्को. स्वतःचं नाव ती कधी घालत नसे.

चष्मा घरी राहिला होता. कागद वाऱ्याने उडत होता, मागे रांग खोळंबली होती, आणि बोश्को कानाशी लागला होता, “लवकर लिही गं, थंडीने माझंच नाव पलीकडच्या रकान्यात जायचं!”

“गप्प बस जरा,” स्मिल्का म्हणाली, आणि तिने अंदाजाने दोन नावं लिहून कागद टोपलीत टाकला.

फादर आर्सेनींनी कागद एकामागून एक वाचले. वाचता वाचता त्यांचा आवाज सपाट झाला होता. “...आणि रेल्याच्या आरोग्यासाठी,” ते म्हणाले. मग दुसरा रकाना. “...आणि बोश्कोच्या आत्म्याला शांती लाभो म्हणून.”

“अहो फादर!” बोश्को मागून बोलला. “मी इथं आहे! उभा आहे अजून!”

आजूबाजूच्या बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. फादरही ओठांत हसले आणि पुढचा कागद उचलला. स्मिल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “थांब, आत्ताच जाऊन नीट करून येते.”

“राहू दे गं! एवढ्याने मी मरतोय होय?” अपशकुन टळावा म्हणून बोश्कोने डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि बाकाच्या लाकडावर टकटक केली. “उलट तुझ्या रेल्याचं आरोग्य सुधारेल. फार फिका दिसायचा फोटोत.”

कबरीवर तिने नेहमीप्रमाणे थर्मासमधली कॉफी ओतून कप ठेवला आणि बशीत साखरेचे दोन खडे. रेल्या कॉफीत साखर विरघळवत नसे. खडा दाताखाली धरायचा, वरून कॉफी प्यायचा आणि शेवटी तो खडा कडकन फोडायचा. मुलाखतींत ते ऐकू यायचं आणि निवेदक वैतागायचे. मग तिने जुना टेपरेकॉर्डर लावला. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद दोघं वाऱ्यात उभी राहिली. गाणं तुटलं. आईने जेवायला बोलावलं. बोश्कोने नाक पुसलं आणि म्हणाला, “चल, बस सुटायची वेळ झाली.” तेहतीस वर्षं बस चालवल्यावर तो कुठूनही निघताना हेच म्हणायचा.

रविवारी सकाळी चुलीवर घेवड्याचा रस्सा शिजत होता तेव्हा स्मिल्काने सहज कॅसेट लावली. तसं ती वर्षातून एकदाच लावायची, पट्टी झिजू नये म्हणून. पण आदल्या दिवसाच्या त्या घोटाळ्याने तिला चुटपुट लागली होती. रेल्याची माफी मागावी असं काहीतरी मनात होतं.

दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद झाले. गाणं तुटलं नाही.

तिने हातातला डाव खाली ठेवला. ड्रमचं यंत्र तसंच चालू होतं, आणि रेल्याचा तो कुडकुडणारा आवाज पुढची ओळ गात होता:

“तामिशवरचा पूल ओलांडला, दिवे मागे राहिले,
सीट माझी थंड आहे, कुणी खिडकीशी पाहिले...”

सतरा सेकंद. मग तुटलं, मग खरखर, मग आईची हाक.

स्मिल्का एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम केलेली बाई. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, मोजण्यावर होता. तिने टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, पुन्हा लावलं. सतरा सेकंद. माळ्यावरचा उरोशचा जुना रेकॉर्डर काढून त्यात लावलं. सतराच. उरोशने कधीकाळी याच कॅसेटवरून तिच्या मोबाइलमध्ये गाणं भरून दिलं होतं. ते मात्र दोन एकेचाळीसलाच थांबत होतं. तिने वहीत तारीख टाकली आणि दोन्ही आकडे लिहिले. आणि खोटं कशाला बोला, लिहिताना तिला आनंद झाला होता. अठराव्या वर्षी पुढच्या शनिवारची वाट बघत बसलेली ती पोरगी एकोणचाळीस वर्षांनी जागची हलली होती.

जेवायची वेळ टळली तरी बोश्को आला नाही म्हणून तिने दार उघडलं, तर बाहेर तोच, कान लालबुंद झालेले.

“दहा मिनिटं बेल दाबतोय! बहिरी झालीस की काय?”

“बेल वाजलीच नाही.”

“वाजेल कशी? कॉफीवालीनेही आज मला कॉफी दिली नाही. दोनदा सांगितलं. बाजूच्या टेबलावरच्याला दिली, मला नाही. आता या वयात आम्ही कुणाला दिसणार!” तो खुर्चीत बसला आणि हात चोळू लागला. जिन्याखाली शेजाऱ्यांचा कुत्रा झोपलेला असायचा. तो बोश्कोला पाहिलं की शेपूट आपटायचा, कारण बोश्कोच्या खिशात त्याच्यासाठी हाडूक असायचं. आज त्याने मान वर केली नव्हती. हेही बोश्कोने सांगितलं, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं होतं.

स्मिल्काने कॅसेट त्याला ऐकवली.

“आणखी एक बघ,” ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “एक पन्नासला तुझा खोकला होता ना? गेला! स्वच्छ!”

“गेला?” बोश्को म्हणाला. त्याने गळ्याला हात लावला. “बरं झालं की. सुटलीस.”

सोमवारी गाणं तीन मिनिटं पंधरा झालं. ओव्चा गावाचा थांबा आला. मंगळवारी तीन तीस. आता तिच्या लक्षात आलं की रेल्या गातोय तो बोश्कोच्याच बसचा मार्ग, थांब्यामागून थांबा. पूल, ओव्चा, मग क्रन्याचा नावाचं उपनगर, मग डॅन्यूबवरचा मोठा पूल, मग बेलग्रेडचं स्थानक. रेल्याही तीच बस पकडून रेडिओवर जायचा, तेव्हा त्यात नवल ते काय, असं तिने स्वतःला समजावलं आणि वहीत आकडा लिहिला.

त्या दिवशी दुपारी बोश्को आला तो पायी आला.

“माझ्याच हाताखाली शिकलेला ड्रायव्हर,” तो म्हणाला, “थांब्यावर मी एकटा उभा, हात केला, तर तोंडावरून बस घेऊन गेला. औषधांच्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडलं नाही. एक बाई आत गेली तेव्हा तिच्या मागून घुसलो.” आवाज बारीक झाला होता. सर्दीने बसतो तसा नव्हे. शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून येतो तसा. “मृत्यूच्या नोटिसा लावतात ना बाजाराजवळच्या फळ्यावर, तिथं जाऊन बघून आलो. माझा फोटो लावलेला नाही अजून.”

तो हसला. स्मिल्का हसली नाही. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि आत थंडी येत होती. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. बोश्कोच्या तोंडातून निघत नव्हती.

“स्मिल्का,” तो म्हणाला, “मी काही असलं मानणारा नाही, तुला माहीत आहे. पण उद्या संत दिमित्रीचा सण आहे. चर्चमध्ये सकाळी नावं वाचतील. जाऊन तेवढं सरळ करून ये ना. मनाची रुखरुख जाईल.”

“जाते की. हे काय सांगायचं झालं?”

“नाही, म्हणजे तुझं गाणं...”

“तुझ्यापेक्षा गाणं मोठं आहे का रे, मूर्खा?” ती म्हणाली, आणि त्या घटकेला ते अगदी मनापासून म्हणाली.

बुधवारी सकाळी नऊला घंटा वाजू लागल्या. स्मिल्काने कोट घातला, चष्मा घातला, कागदावर नावं लिहिली. उजेडात, टेबलावर बसून, ज्याचं नाव त्याच्या रकान्यात. कागद खिशात टाकला. जाताजाता एकदाच, शेवटचं म्हणून, कॅसेट लावली.

तीन मिनिटं चव्वेचाळीस. क्रन्याचा आलं होतं. मागे एक नवी सुरावट सुरू झाली होती, वरच्या पट्टीतली, लहान मुलाने काचेवर बोट फिरवावं तशी. ती चढत होती आणि अजून कुठे पोचली नव्हती. फक्त दोन थांबे उरले होते, डॅन्यूबचा पूल आणि स्थानक.

घंटा वाजत होत्या. स्मिल्का कोट घालून खुर्चीत बसली. तिने मनाशी म्हटलं, शनिवारी पुन्हा नावं वाचतातच. तीन दिवसांत काय होतंय? बोश्को तसा धडधाकट आहे. सर्दी आहे त्याला.

घंटा थांबल्या. ती दुपारपर्यंत कोट घालूनच बसून होती.

गुरुवारी गाण्यात डॅन्यूबचा पूल आला. बोश्को आला नाही. तिने फोन केला. फोन उचलला गेला, पण पलीकडे बोलणं नव्हतं. नुसती खरखर, कॅसेट संपत आली की येते तशी. पायात सापडले ते बूट घालून ती त्याच्या घरी धावली.

दार उघडंच होतं. बोश्को खिडकीपाशी बसला होता. आधी तो तिला दिसलाच नाही. खुर्चीवर टाकलेला कोटच दिसला, आणि मग कोटात तो. समोर सूपची वाटी. त्याने चमचा वाटीत ठेवला, पण आवाज झाला नाही.

“गेली नव्हतीस ना?” त्याने विचारलं. तिला ओठांजवळ कान न्यावा लागला.

स्मिल्काला खोटं बोलवेना. “नाही. शनिवारी जाते. देवाशपथ शनिवारी जाते.”

“झालं का पुरं?”

“एकच थांबा उरलाय.”

बोश्कोने तिच्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“ऐकून घे मग,” तो म्हणाला. “इतकी वर्षं थांबलीस.”

ती त्याचा हात धरून रडली. हात हलका होता, आणि तिच्या हाताने तापत नव्हता. आपण काय केलं ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. मेलेल्या माणसाच्या एका ओळीसाठी तिने जित्या माणसाला दारात ताटकळत ठेवलं होतं. आणि हे काही या आठवड्यातच केलं नव्हतं.

शुक्रवारी ती कॅसेट लावणार नव्हती. तिने रेकॉर्डरची वायर काढून ठेवली होती. फादर आर्सेनींकडे जाऊन आली होती. ते म्हणाले, “उद्या सकाळी पहिलं नाव तुमच्या बोश्कोचं घेतो, काळजी करू नका.”

ती घरी परतली तेव्हा रेकॉर्डर चालू होता.

स्थानक आलं होतं. ती वरची सुरावट शेवटी पोचली जिथे पोचायची होती तिथे, आणि स्मिल्काने आयुष्यात त्याहून सुंदर काही ऐकलं नव्हतं. हे आपण कबूल करतोय याची तिला लाज वाटली, तरी ते खरं होतं. मग संगीत थांबलं आणि रेल्या नुसता बोलला, यंत्राशिवाय, अगदी जवळून:

“शेवटचा थांबा. मी उतरतो, माझ्या जागेवर तू बस.”

चार मिनिटं नऊ सेकंद. तिने वहीत लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी कोशावा पडला होता. सात दिवस झाले होते. चर्चमध्ये म्हाताऱ्या चार बायका आणि स्मिल्का. फादरनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश, स्पष्ट वाचला. “बोश्कोच्या आरोग्यासाठी. रेल्याच्या आत्म्याला शांती लाभो म्हणून.” स्मिल्काने दोन मेणबत्त्या लावल्या. जिवंतांसाठी वरच्या ताटलीत, मृतांसाठी खालच्या वाळूत. लावण्याआधी कुठली कुठे ते तिने तीनदा तपासलं.

ती घराच्या वळणावर आली आणि तिला कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं.

जिन्यापाशी बोश्को उभा होता. ड्रायव्हरचं जुनं निळं जाकीट, गाल लाल, तोंडातून वाफेचे लोट. कुत्रा साखळी ताणून ताणून त्याच्यावर भुंकत होता.

“अगं, आवर याला!” तो गरजला. आवाज चांगला खणखणीत होता. “खायला उठलाय मला!”

“भुंकू दे! भुंकू दे त्याला!” स्मिल्का रडत हसत म्हणाली. “दिसतोयस त्याला!” आणि जे एकोणचाळीस वर्षांत केलं नव्हतं ते तिने भर जिन्यात केलं. त्याच्या गळ्यात हात टाकले. तो ऊबदार होता. शेजारीण दार उघडून म्हणाली, “काय हे बोश्को, भल्या सकाळी!” आणि दार लावून घेतलं. तिलाही तो दिसला होता. सगळं ठीक झालं होतं.

तो दोन वाट्या रस्सा जेवला. भाकरीने वाटी पुसून काढली. स्मिल्का समोर बसून बघत राहिली. आता रोज ये, रविवारचं काय घेऊन बसलास, असं ती म्हणाली. तो म्हणाला, “येईन की. आता कुठे जायचंय?” तिने कॉफी केली, बिनसाखरेची, त्याची तशीच, आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

“मी आलेच,” ती म्हणाली.

कॅसेट शेवटची तपासायची आणि मग रेल्याच्या कबरीत पुरून टाकायची, असं तिने चर्चमध्येच ठरवलं होतं. आतल्या खोलीत तिने वायर जोडली. आवाज बारीक ठेवला.

एक मिनिट पन्नास. ती खोकल्याची वाट बघत होती.

खोकला आला नाही.

दोन मिनिटं एकेचाळीस. गाणं तुटलं, पूर्वी तुटायचं तिथेच. खरखर. मग आईची हाक, “स्मिल्का, जेवायला!”

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि बंद करायला हात पुढे केला.

खरखरीत कुणीतरी खोकलं.

“स्मिल्का?” बोश्को म्हणाला. विशीतला नव्हे. एकोणसाठ वर्षांचा, दमलेला, खूप लांबून. “अगं, किती वेळ बेल दाबतोय. दार उघड ना.”

पट्टी फिरत राहिली.

स्वयंपाकघरात फडताळाचं दार वाजलं. कबरीवर न्यायचा साखरेचा डबा तिथेच असायचा. खुर्ची सरकली. कॉफीचा एक घोट, सावकाश.

आणि मग दाताखाली खडा कडकन फुटला.